पाठीवरचे अकरा चिमटे

ती. आईस,

नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आता नीट बसून वाच.

काल नदीकाठी फॅशनचं शूटिंग होतं. कपड्यांची जबाबदारी एकट्या माझ्यावर. झगा आला तो मॉडेलला दोन मापं मोठा. अशा वेळी आम्ही जास्तीचं कापड पाठीवर गोळा करून चिमटे लावतो, मग समोरून ते अंगावर बेतल्यासारखं दिसतं. तू असतीस तर मला फैलावरच घेतलं असतंस!

ऊन उतरायला लागलं आणि फोटोग्राफर मॉडेलला ओरडून म्हणाला, "आता पाठमोरी चाल!" पाठीवर अकरा चिमटे! ते बघून तो मला म्हणाला, "दहा मिनिटांत नीट कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तू दिलेली सुई पर्समध्ये असतेच. एकेक चिमटा काढत टाके घालत गेले. वारा झगा ओढत होता. एकदा त्या पोरीला टोचलंसुद्धा. शेवटचा दोरा दातांनी तोडला आणि ती चालू लागली. नोकरी वाचली.

हे तुला सांगणारच नव्हते. पण दादा म्हणाला, महिनाभर तुझं शिलाई मशीन झाकलेलंच आहे, सुईत दोरा ओवायला दिसत नाही म्हणून तुला डॉक्टरकडे नेलं होतं. फोनवर मात्र तू म्हणतेस, "अगं, मस्त चाललंय." डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?

समोरून नीटनेटकं दाखवणं हे माझं रोजचं काम आहे, आई. माझे चिमटे तुला दाखवले. आता तू वळ बघू.

तुझीच,
धाकटी