ब्राह्मीला न चालणारं औषध

सुरेखा,

ब्राह्मीच्या घशात स्ट्रेपचे जंतू निघाले. तुला दोनदा फोन लावला, लागला न्हाई. मला ठिबकच्या पाईपा घिऊन पाटणला जावं लागतंय. माझी आई तिच्यापाशी बसलीय.

टेबलावरची बाटली अ‍ॅझिथ्रोमायसिनची हाय. दिवसातनं एकदाच, बाटलीवर लिव्हलंय तेवढंच द्यायचं. घसा बरा वाटला तरी पाच दिवस पुरं करायचं. आजचं दिलंय.

आता खरं सांगतो. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" मी "न्हाई" म्हणून मोकळा झालो. त्यांनी अमॉक्सिसिलिन लिव्हलंबी. पोरीला घशानं बोलता येईना. तिनं माझी बाही ओढली, गाल फुगवले, ओठांकडं बोट केलं. तवा मला मागल्या वर्षी ह्याच औषधानं तिच्या तोंडावर आलेली सूज आठवली. तवा तिला घिऊन तू एकटीच दवाखान्यात पळाली होतीस.

मी ते सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग पेनिसिलीनच्या भावकीतलंबी नको," आणि दुसरं लिहून दिलं. तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

घरी आल्यावर तिनं ओठांवर बोट ठिवलं, तुला सांगणार न्हाई म्हणून. माझ्यापायी तिनं तुझ्यापासनं काय लपवावं, हे मला सोसंना. म्हणून मीच सांगतोय.

पारस