खलनायकाचा सभ्य आवाज

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच मानून घ्यावा.) आपला रक्तदाब, ताईचे गुडघे आणि गॅलरीतल्या कुंड्या ठीक असतील असे धरून चालतो.

मी गेली बावीस वर्षे हिंदी सिनेमातल्या खलनायकांच्या वतीने हसतो, हे आपण पाहुण्यांपासून लपवता, पण आपल्याला ठाऊक आहेच. पडद्यावर तोंड दुसऱ्याचे, गडगडाट माझा. पूर्वी काम सोपे होते. खलनायकाला टक्कल, एक काचेचा डोळा आणि उगाचच एक तळघर असायचे (वर चांगल्या हवेशीर खोल्या असताना ही माणसे खाली का बसत, कोण जाणे). तो नायकाच्या आईला खांबाला बांधायचा आणि मी हसायचो. गोळी घालून मोकळे होण्याऐवजी हा गडी सगळा बेत नायकाला समजावून सांगत बसे, त्यावरच माझे घर चालले. आता मात्र खलनायक हसेनासे झालेत. इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात, झाडांना पाणी घालतात आणि हळू बोलतात.

गेल्या महिन्यात दिग्दर्शकाने मला माइकपुढे उभे केले आणि म्हणाला, हसू नका, बोला. मी बोललो. म्हणाला, हा तर भाजी विकतोय. असे अकरा वेळा झाले. बाराव्यांदाही चुकलात तर दुसऱ्याला बोलावतो, असे त्याने तोंडावर सांगितले आणि माझे धाबेच दणाणले. या वयात मला दुसरे येते तरी काय हो? डोळे मिटले, आणि आपण आठवलात. मी घरी आलो की वर्तमानपत्र खाली न ठेवता आपण म्हणता ना, ‘बसा ना, घाई काय आहे?’ तेच हिंदीत म्हटले, तितक्याच मायेने. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने खुर्ची मागे सरकवली. दिग्दर्शक ओरडला, ‘बास! हाच तो नराधम!’ (शब्द त्याचा, माझा नव्हे.) तेव्हापासून सबंध चित्रपटभर आपणच बोलत आहात. चष्मा पुसताना आपण जे गप्प बसता, तेही मी जसेच्या तसे घेतले आहे. तेवढ्यात तीन माणसे मरतात.

राग नसावा. आमच्या भाऊजींमध्ये खलनायकासारखे काहीही नाही, हे मी दिग्दर्शकालाही सांगितले. तो म्हणाला, म्हणूनच.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. आता घोडे कुठे अडले ते सांगतो. शेवटच्या प्रसंगात खलनायक बायकोची माफी मागतो. गुरुवारी रेकॉर्डिंग आहे. नऊ दिवस घसा खरवडतोय, पण आपल्याला माफी मागताना मी कधी ऐकलेलेच नाही, तर आणू कुठून? हे जमले नाही तर आधीचे सगळे कामही दुसऱ्याकडे जाईल. तेव्हा पाया पडतो, ताईची एकदा माफी मागा. कारण किरकोळ चालेल. फोनवर रेकॉर्ड करून बुधवारपर्यंत पाठवा.

ता. क. दुसरा. आपल्याला त्रास नको म्हणून आधी ताईलाच फोन केला होता, तिला तरी एखादी वेळ आठवत असेल म्हणून. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, ‘दिग्दर्शकाला सांग, त्याला मारूनच टाका म्हणावं. सोपं पडेल.’