आधी अंगावरचं, मग बाटली

मुलचेरा,
फेब्रुवारी १९९८

प्रिय रिना,

सप्रेम जयभीम. तू आणि राजदीप रविवारी प्रबोधला न्यायला येणार, असा निरोप मिळाला. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून अहेरीच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ देत आहे.

मागच्या खेपेस तू त्याला घ्यायला हात पुढे केलेस आणि त्याने तोंड फिरवून माझ्या पदरात डोकं खुपसलं. तू आत जाऊन त्याची बाटली धूत बसलीस. ती कधीच स्वच्छ झाली होती, तरी धूत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "बाई, मले जमन का हे?"

गेल्या पावसाळ्यात मला मुलगी झाली होती, हे राजदीपने तुला सांगितलं असेल. ती रडलीच नाही. आमचे हे, तुझे भाऊजी, तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्यानंतर मला दूध उतरलं. सासूबाईंनी छातीवर जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली. दूध आटत आलं होतं, तेवढ्यात राजदीप दारात उभा. त्याची कमला बाळंतपणाच्या तापात गेली होती आणि तिच्याच साडीत गुंडाळलेला प्रबोध त्याच्या हातात होता. माझा हा भाऊ एवढंच म्हणाला, "बाई, याले आता तूच पाज."

तोवर त्याला बाटलीची सवय लागली होती. बाटलीतून दूध आपसूक येतं. माझ्याकडे तो थोडंसं ओढायचा, काही हाती लागलं नाही की अंग ताठ करून रडायचा. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, भुकेने कावायच्या आत अंगावर घ्या, वरचं नंतर द्या. तो ओढेल तसं दूध वाढेल. मी तेच धरलं. आधी अंगावरचं, मग बाटली. शेजारणी म्हणायच्या, "काऊन एवढा जीव लावून राह्यली? उद्या बाप घेऊन जाईन." दूध हळूहळू वाढलं. पुरेसं कधीच झालं नाही, बाटली राहिलीच. पण एकदा तो पिता पिता थांबला, वर बघून हसला आणि तोंडातलं दूध माझ्या हातावर ओघळलं. त्या दिवशी मी माझ्या मुलीसाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

राजदीपला दुसऱ्या लग्नाला मीच तयार केलं. एकट्याने त्याचं निभणार नव्हतं. तू घरात आलीस याचा मला आनंदच आहे, यात खोटं नाही.

मागच्या खेपेस तुम्ही परत गेलात आणि मी क्रम उलटा केला. आधी पोटभर बाटली द्यायची. मग तो माझ्याकडे यायचा तो नुसता झोपेपुरता. पुढे तेही बंद केलं. बाटली तुझ्या भाऊजींच्या हाती द्यायची आणि मी विहिरीवर जाऊन बसायची. सुरुवातीला तो घरभर रांगत मला शोधायचा, हे त्यांनीच सांगितलं. नंतर त्यांनी सांगणं सोडलं.

बाटली रोज उकळत्या पाण्यातून काढ. उरलेलं दूध पुन्हा देऊ नकोस. आणि बाटली उशीला टेकवून देऊ नकोस गं. अंगावर पाजतात तसा छातीशी घे. तो तुझी बांगडी धरेल, धरू दे. मान वळवली की पोट भरलं म्हणून समज.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायला हे लिहिलं. तुला जमेल. आता तो ज्याच्या हातात बाटली त्याच्याकडे जातो. रविवारी मी घरी नसेन, चामोर्शीला मावशीकडे जात आहे. त्याचा आवाज कानी पडला की अजून माझा पदर दुधाने भिजतो, आणि तो वास त्याला कळतो. मी समोर असले तर तो तुझ्याकडे रडत येईल. तो हसत यावा. मोठा झाला की त्याला कमलाबद्दल सांग, तिचा फोटो दाखव. माझं काही सांगू नकोस. मी त्याची आत्या आहे, तेवढंच माहीत असू दे.

तुझीच,
सत्यशीला