सेटिंग कोण करतं

८ जून, सोमवार

तपासणी येणार. बाई असो की पुरुष, काम तेच तर पगारही तोच, असा नियम आहे. आपल्याकडे तो पाळला जातो का, हे बघायला महिनाअखेरीला कामगार खात्याच्या अधिकारी बाई येणार आहेत. कारण एकच – सकाळपाळीच्या प्रेसवालीनं अर्ज केलाय. डब्यांची झाकणं ठोकणारं दोन नंबरचं मशीन सकाळी ती चालवते, दुपारी तिचाच नवरा. मशीन एक, खुर्ची एक, हात पुसायचं फडकंसुद्धा एक. पगार मात्र त्याचा दीडपट.

पगारपत्रकं मी लिहिते, म्हणून साहेबांनी मला बोलावून घेतलं. "दोघांचं काम वेगळं आहे, हे तुम्ही लिहून काढायचं. सही तुमची." म्हटलं, वेगळं आहे का? "चार दिवस तिथे उभ्या राहा. सापडेल."

नोकरीची अडीच वर्षं उरलीत. गुडघे कधीच निवृत्त झालेत, आणि मी उभी राहायचं!

९ जून

सकाळभर मशीनपाशी. कानात अजून ठकठक चालू आहे. पहिला तासभर तिनं वर बघितलंही नाही. मग म्हणाली, "बाई, बसा तरी. ते स्टूल घ्या." जिच्याविरुद्ध लिहायला आले तिनंच बसायला दिलं. बसले. न बसून सांगते कुणाला.

१० जून

रोज दुपारी झाकणाचा आकार बदलतो. म्हणजे जुना साचा काढायचा, दुसरा चढवायचा आणि त्याचं सेटिंग करायचं. हे कसबाचं काम, याच्यावरच म्हणे पुरुषांना जास्त पगार. आज बघितलं. पाळी संपायला वीस मिनिटं असताना पाना तिनंच उचलला. कान लावून ऐकत होती, बोटानं चाचपत होती. पहिलं झाकण डब्यावर दाबून बघितलं, फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं चपखल बसलं.

तेवढ्यात नवरा आला. नवराबायकोचं दिवसभराचं बोलणं एवढंच –

"धाकटीचा ताप उतरला. औषध दिलंय."

"बरं. सेटिंग केलंय. जेवलात?"

त्यानं मान हलवली आणि तो बसला. त्याला विचारलं, सेटिंग तुम्ही नाही का करत? हसला. "नाही हो, तीच करते. मला मशीनही तिनंच शिकवलं. साच्यावर काही माझा हात बसला नाही."

११ जून

फरक सापडला एकदाचा. पुरुष बाथरूमला जाताना कुणाला विचारत नाहीत. बायकांनी सुपरवायझरकडून बिल्ला घेऊन जायचं. बिल्ला आहे एकच. हा फरक साहेबांच्या काही उपयोगाचा नाही.

१२ जून

कागद दिला. 'कामात फरक आढळला नाही. सेटिंग सकाळपाळीतच होतं.' साहेबांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "नीट बघितलं नाहीत तुम्ही. सेटिंग पुरुष करतात. तसं लिहा." मग आवाज मऊ करून – "तुमची फाइल माझ्याकडेच असते, बाई." बस, एवढंच. पण मी काय समजायचं ते समजले.

घरी ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सही कर नि मोकळी हो. तुला कुणी पंच नेमलंय?" मी चिडले. भाजी फोडणीला टाकताना लक्षात आलं, सहीचं तर माझ्याही मनात आहेच. उगाच ह्यांच्यावर कशाला डाफरायचं.

१५ जून, सोमवार

लिहिलं. 'दुपारपाळी – मशीन चालवणे, साचा बदलणे, सेटिंग करणे. सकाळपाळी – मशीन चालवणे.' खाली सही. नेहमीपेक्षा चांगली आली, त्याचाच राग आला.

१६ जून

साहेब म्हणजे साहेब. कागद खोटा पडायला नको ना? मग आता कागदाबरहुकूम कारखाना चालवायचा! फळ्यावर सूचना लागली. 'सकाळपाळीतील महिलांनी साच्याला हात लावू नये.'

तिनं ती वाचली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता भांडेल. "दोन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१८ जून

झाकणं डब्यावर बसत नाहीत. दुपारी तिचा नवरा पाना घेऊन झटापट करतो, घामाघूम होतो. पोती भरभरून भंगार निघतंय.

१९ जून

गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

२२ जून, सोमवार

माल परत आला. सुपरवायझरच्या नाकी नऊ आले. हळूच तिला म्हणाला, "जरा बघ ना. कोण विचारतंय?" ती म्हणाली, "फळ्यावरचं वाचा," आणि डबा उघडून जेवायला बसली. बरं केलंस, असं मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची छाती कुठून आणू?

दुपारी साहेबांनी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. बाहेर आल्यावर तो पिण्याच्या पाण्याच्या नळाशी नुसताच उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "अर्ज मागे घ्यायला लाव म्हणतात. नाहीतर तिला पॅकिंगला टाकतील. मी तिला कसं सांगू, बाई?"

हे तो मला विचारत होता. त्याला माहीत नव्हतं, कागद मी लिहिलाय ते. की माहीत होतं? थकले मी.

२५ जून

अधिकारी बाई आज आल्या, पाळी बदलायच्या वेळेला. प्रेसवालीच्या नवऱ्याला म्हणाल्या, "सेटिंग करून दाखवा." त्यानं पाना उचलला, बायकोकडे बघितलं आणि पाना तिच्या हातात दिला. "मला येत नाही. ही करते." साहेब म्हणाले, "घाबरलाय तो. सगळं लेखी आहे आमच्याकडे," आणि माझा कागद पुढे केला.

अधिकारी बाईंनी तो वाचला. "ही सही कुणाची?"

"माझी," म्हटलं. "आणि वर लिहिलंय ते खोटं आहे."