लाल बोयाजवळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. मी बरा आहे. खालच्या ओठाला दोन टाके पडलेत, पण जेवता येतं.

रविवारी क्लबची शिडाच्या होड्यांची शर्यत होती. मी बेकरीवाल्याच्या होडीत होतो. पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालताना आधी जायचा हक्क आमचा होता, तरी क्लबातल्याच एका प्लंबरने आपली होडी सरळ आमच्या होडीच्या कुशीत घुसवली. बेकरीवाला ओरडला, तसं त्याने वल्हं उचलून बेकरीवाल्याच्या तोंडावर हाणलं. दुसरा फटका मला.

मी त्याच्यावर झेप घेतली आणि दोघंही पाण्यात पडलो. ताई, मी त्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. तो हातपाय झाडत होता, मला कळत होतं, तरी सोडलं नाही. शेवटी पंचबाई आपल्या बोटीतून वाकून माझ्या दंडाला लटकल्या. "सोड! मरेल तो!" तेव्हा कुठे माझी पकड सुटली.

तो वाचला. क्लबने मला कायमचं काढलंय. काल त्याच्या घरी माफी मागायला गेलो, तर त्याच्या बायकोने दारच उघडलं नाही.

लहानपणी बाबा मला मारायला लागले की तू अशीच त्यांच्या दंडाला लटकायचीस. त्यांना तुझं वजन कसं जाणवत नाही, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, ओठाला होडीचा दांडा लागला.

हिचे दिवस भरत आलेत. तू ये, आणि चांगली महिनाभर राहा. बाळाचं ही बघेल, तू माझ्या हातांकडे बघ.

तुझाच,
धाकटा