माझ्या मेंदूची जाडी

५ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
काल वाचनालयाच्या फलकावर सूचना वाचली. साठीपुढच्या निरोगी व्यक्ती हव्या आहेत, विषय : अवधान आणि मेंदूची रचना. अवधान म्हणजे लक्ष. म्हणजे मीच. बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. पट्ट्यावरून मिनिटाला साठ बाटल्या सरकायच्या, मागे पांढरा दिवा, आणि तडा गेलेली एक बाटली माझ्या नजरेतून सुटायची बिशाद नव्हती. (सुटल्या त्या दुसऱ्या पाळीच्या.) फॉर्म भरून टाकला. ही म्हणाली, मीपण येते. म्हटलं, ये. तुलनेला कोणीतरी लागतंच.

११ फेब्रुवारी, दुपारी
पहिली चाचणी. स्क्रीनवर एकेक आकडा येतो. प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं, फक्त तीन आला की दाबायचं नाही. पोरखेळ. तीनचा आकडा पंचवीस वेळा आला. मी एकवीस वेळा दाबलं. बटण फार हलकं आहे, बोट नुसतं जवळ नेलं तरी दाबलं जातं. चाचणी घेणाऱ्या चष्मेवाल्या मुलीला तसं सांगितलं. तिने लिहून घेतलं, म्हणजे पटलं असणार.
हिच्या चुका दोन. त्याच बटणावर. पण हिला वेगाची सवय कुठे आहे? हळू माणसाला तीन लांबूनच दिसतो.

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.००
संकल्प. एक, रोज वीस मिनिटं घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे एकटक पाहणे. दोन, चहा पिताना पेपर बंद. तीन, कोणी बोलत असेल तर वाक्य संपेपर्यंत ऐकणे.

त्याच दिवशी, ६.४०
पहिली चार मिनिटं उत्तम. पुढची छत्तीस झोपेत गेली, पण मान घड्याळाकडेच होती.

१५ फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. दोघी बहिणी तीन वर्षं समुद्रकिनारी जायचं म्हणताहेत, ते आता मार्चमध्ये नक्की झालंय. दहा दिवस. मला हे नवीनच. मेव्हणी म्हणाली, ताईने तुम्हाला पाच वेळा सांगितलंय. पाचही वेळा मी मान डोलावल्याचं कळलं. म्हणजे प्रतिसाद दिला होता. तिसरा संकल्प उद्यापासून.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
मेंदूचा स्कॅन. नळकांड्यात चाळीस मिनिटं पडून राहायचं, हलायचं नाही, वरच्या फुलीकडे बघायचं. खडखडाट असा की आमचा कारखाना शांत वाटावा. मशीनवाल्याचं म्हणणं, मी घोरलो, डोकं हललं, म्हणून पुन्हा करावं लागलं. मी एकाग्र झालो होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.
नंतर चष्मेवालीने समजावलं. वयाबरोबर मेंदूचा बाहेरचा थर थोडा पातळ होतो. लक्ष लागण्याचा त्याच्याशी किती संबंध आहे, तेच हे लोक शोधताहेत. ती पुढेही काही बोलली. मी ऐकलं नाही, कारण पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती.

२१ फेब्रुवारी
नळ उघडा राहिला. पाणी पार स्वयंपाकघरात. ही काही बोलायच्या आत म्हणालो, माझा मेंदू पातळ झालाय. हिने फडकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुसलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच घडलं. विज्ञानाचे उपकार.

२७ फेब्रुवारी
दिवस बरे चाललेत. चष्मा हातात येतो. टॉवेल हातात येतो. मला कुठे एकटं पाठवत नाहीत. ही प्रत्येक वाक्य सावकाश, दोनदा बोलते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकायचा ताण गेला. मुलीचा फोन आला. आवाज रडवेला. बाबा, काळजी घ्या म्हणाली. म्हटलं, आई घेतेय.
सेकंदकाटा बंद. पातळ मेंदूवर उगाच ताण नको.

३ मार्च
हिने प्रवास रद्द केला. मेव्हणी आता शेजारणीला घेऊन जाणार. यांना या अवस्थेत टाकून कशी येऊ, असं ही फोनवर सांगत होती. दाराआडून शब्दन् शब्द ऐकू आला. खरं काय ते सांगावंसं वाटलं. पण अहवाल आल्याशिवाय खरं कसं सांगणार? शास्त्राची शिस्त पाळली पाहिजे.
दुपारी तिने बॅगेतून नवा गॉगल काढला, पुसला, कपाटात ठेवला. मी पेपर वाचत होतो. बराच वेळ एकाच पानावर होतो.

१० मार्च, दुपारी
अहवाल. चष्मेवाली आधीच म्हणाली, हे रोगनिदान नव्हे, संशोधन आहे. मग हसून म्हणाली, "काका, मस्त आहे. तुमच्या वयाच्या मानाने जाडी सरासरीपेक्षा चांगली आहे."
मी म्हणालो, पुन्हा एकदा बघा. ती म्हणाली, डोकं हललं होतं म्हणून आधीच दोनदा बघितलंय. बाकीच्या लोकांमध्ये जाडी आणि लक्ष यांचा थोडाफार मेळ दिसतो, माझ्यात अजिबात दिसत नाही. तिला फार कुतूहल वाटत होतं. मला वाटत नव्हतं.
हिने एकच विचारलं. "म्हणजे मी बोलते ते यांच्यापर्यंत पोचतं?"
"न पोचण्यासारखं काही दिसत नाही, काकू. पोचल्यावर काका त्याचं काय करतात, ते स्कॅनमध्ये येत नाही."
घरी आल्यावर कुलूप काढता काढता ही म्हणाली, "मी घाबरले होते." मी म्हणालो, मीपण. ते खोटं होतं आणि तिला ते कळलं.

११ मार्च
ही जाणार. मेव्हणी आणि शेजारीण तिकडे पोचल्यात, त्यांच्या खोलीत तिसरी खाट टाकून घेणार आहे. मी सुचवलं, माझ्या लक्षाचं अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही. हिने कपाटातला गॉगल काढून बॅगेत टाकला. टॉवेल स्वतः शोधला. सापडला नाही.

१३ मार्च, सकाळी ८.२०
ती गेली. निघताना दारात उभं राहून पंधरा मिनिटं सगळं सांगितलं. गॅस, चाव्या, कुंड्यांना पाणी, कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीने परत येणार, मी स्टेशनवर कुठे थांबायचं. मी तिच्याकडे बघत होतो. खरंच बघत होतो, एकदाही मान वळवली नाही. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. किती दिवसांचा आहे कोण जाणे, मला आजच दिसला. तिने विचारलं, राहील ना लक्षात? म्हटलं, हो. ती जिना उतरून गेली.

८.३५
विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो.
परतीचा दिवस :
गाडी :

८.५०
मेव्हणीला विचारता येईल. पण ती हिलाच विचारून सांगणार.