वाढत्या मापाचं अंगडं

दि. ६ जानेवारी

चि. खारूस आजीचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून. गुडघ्याचं मी मनावर घेत नाही आणि तोही माझं घेत नाही.

बातमी अशी की तुझ्या आजीला या वयात नोकरी लागली. हसू नकोस, पोटाला धक्का बसेल. चौकापलीकडे जुन्या कपड्यांचं संग्रहालय आहे ना, ज्याच्या पायऱ्यांच्या फटीत तू खारीसारखे शेंगदाणे लपवायचीस, तिथे. तिथल्या बाईंना हाताने शिवणारं माणूस हवं होतं. त्या आपल्या शिंप्याकडे गेल्या आणि त्याने थेट माझं दार दाखवलं. मशीनची शिवण म्हणजे बसची वेळ झाल्यावर केलेली आंघोळ, असं मी त्याला किती वर्षं ऐकवतेय, त्याचा त्याने असा सूड घेतला. बाई वयाने तुझ्याएवढी, पण चष्मा केवढा! मी तिला चष्मेबाई म्हणते. तोंडावर नाही अजून.

काम म्हणजे एका बाळाचं अंगडं. दोनशे वर्षांपूर्वीचं असेल म्हणतात. त्याला आता उजेड सोसत नाही, दोन दिवस काचेत ठेवलं तरी सूत कुजतं. म्हणून हुबेहूब दुसरं शिवायचं. तसंच हातमागाचं कापड, मेण लावलेला दोरा, तितकेच बारीक टाके. नवं लोकांनी बघायचं आणि जुन्याने खणात झोपायचं. कामाची खोली उत्तरेकडची आहे, ऊन येत नाही, नुसता दुधासारखा उजेड येतो. अंगड्यावरचा पातळ कागद उचलला की कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा आवाज होतो. पहिल्या दिवशी मी आपली उगीच थोपटायला गेले.

आता तू भुवया चढवशील. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी एक टाकाही घालायचा नाही, असं तू बजावलं आहेस. घातलेला नाही. हे दुसऱ्याचं बाळ आहे, तुझी मनाई त्याला लागू नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे तशीच असू दे, उत्तराला उशीर नको.

तुझी आजी

---

दि. १३ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि नोकरीची बातमी ऑफिसात फोन करून सांगितली. डॉक्टरांनी मला पलंगावरून उठायची बंदी केल्यापासून शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे दुसरंच कुणी काढतंय. माझ्याकडे आता फक्त छताचा नकाशा आहे. एक चीर खिडकीपासून दिव्यापर्यंत जाते आणि तिथे तिला फाटे फुटतात. दुपारी मी तिच्यातून पाणी सोडून बघते.

हा स्वयंपाक करतो. मीठ विसरतो आणि मी रागावू नये म्हणून चवड्यांवर चालतो. घर कसं मांजराच्या पावलांनी भरल्यासारखं झालंय.

आजी, तू चिडली नाहीस ना? मागच्या वेळी आम्ही कपाट भरून ठेवलं होतं, ते रिकामंही आम्हा दोघांनाच करावं लागलं. मोजे इतके लहान होते की ते कुणाला द्यायचे तेही कळेना. म्हणून या वेळी घरात बाळाचं एक फडकंसुद्धा नाही. मला घाबरट म्हण हवं तर. एप्रिलपर्यंत मला काही तयार ठेवायचंच नाही.

पण त्या अंगड्याचं सगळं लिही. बंद कसे आहेत, बाही केवढी, सगळं. त्या बाळाची काळजी करायचं मला कारण नाही, म्हणून त्याच्याबद्दल ऐकायला बरं वाटतं.

पायाला हात लावते, इथूनच. आठवण ठेव.

तुझी खारू

---

दि. २१ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

वि. वि. ऐक तर. रंग ताकासारखा, पूर्वी पांढरा असावा. बाही माझ्या मधल्या बोटाएवढी. पुढे तीन बंद, त्यातला मधला चोखून चोखून दोरीसारखा झालाय. चष्मेबाई म्हणते तोही तसाच करायचा. मी विचारलं, चोखायचा कुणी? त्यावर ती पोरगी पहिल्यांदा हसली. आता आमचं जमलं.

दुपारी जेवण झालं की त्या उजेडात माझा डोळा लागतो. लागला की शेजारच्या स्टुलावर ती येऊन बसते, अंगडं शिवणारी. चेहरा वाफेसारखा, धड दिसत नाही, पण हात लख्ख दिसतात. बोलत नाही. दोरा दाताने तोडते, मी तोडते तसाच. मी जागी झाले की वाटतं, चार टाके माझ्या हातून झालेत की तिच्या? चष्मेबाईला सांगितलं तर तिने माझ्यासाठी खिडकी उघडली.

आणि काय हुशार बाई होती बघ. खालच्या घेराला आतून तीन दुमडी घातल्यात. दुमड म्हणजे जास्तीचं कापड आत मुडपून धावदोऱ्याने धरून ठेवायचं आणि मूल वाढलं की एकेक उसवून अंगडं लांब करायचं. तुझ्या आईचे सगळे कपडे मी असेच वाढत्या मापाचे शिवले. हिच्या तिन्ही दुमडी अजून जशाच्या तशा आहेत, एक टाका हललेला नाही. दोनशे वर्षं टिकला धावदोरा! मला तर त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

मोसंबी खात जा. जीव लावून आहेसच, तो तसाच लावत राहा.

तुझी आजी

---

दि. २७ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तिन्ही दुमडी तशाच आहेत असं तू लिहिलंस. म्हणजे त्या कुणाला उसवाव्या लागल्याच नाहीत. म्हणजे ते बाळ वाढलं नाही.

मी दोन दिवस छताकडे बघत तेच वाचतेय. तू मुद्दाम लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. पण आता त्या अंगड्याबद्दल लिहू नकोस.

तुझी खारू

---

दि. ३१ जानेवारी

चि. खारूस आशीर्वाद.

वि. वि. बाळा, माझ्या लेखणीला हाड नाही. मी धावदोऱ्याच्या कौतुकात होते, दुमडीचा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. जन्मभर दुमडी घालणारी मी, आणि तो तुला आधी कळला.

मीही त्यानंतर सुई धरलेली नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून घरी बसलेय. काल खुर्चीतच डोळा लागला तर ती इथेही आली, पण पाठ करून बसली. हाक मारायला गेले तर तिचं नाव मला कुठे ठाऊक?

सांगशील तसं करीन. अंगड्याचं लिहिणार नाही. खालच्या बेकरीवाल्याने दुकानाला निळा रंग दिला, मांजरीला चार पिल्लं झाली, एवढंच.

राग धर हवा तर, पण फार दिवस धरू नकोस.

तुझी आजी

---

दि. ८ फेब्रुवारी

ती. आजींस,

सा. न. वि. वि. हे पत्र मी तिला न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तरात माझं नाव येऊ देऊ नका. ती जेवत नाही असं नाही, पण ताटाकडे न बघता जेवते. परवा तिने मला विचारलं की पाळणाघराचा फॉर्म मी खरंच भरलाय का, आणि भरला असेल तर परत घे म्हणाली. डॉक्टर म्हणतात बाळ छान आहे. डॉक्टरांचं ती ऐकून घेते, विश्वास तुमच्यावर ठेवते.

एक विनंती आहे. ते बाळ जगलं, मोठं झालं, असं काहीतरी तुम्हाला तिथे समजलं, एवढं लिहाल का? खरं नसलं तरी चालेल. दोनशे वर्षांपूर्वीचं खोटं कोण तपासणार?

आपल्या आशीर्वादाची आता फारच गरज आहे.

आपला नातजावई

---

दि. १७ फेब्रुवारी

चि. खारूस आजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. अंगड्याचं लिहू नकोस म्हणालीस आणि मी लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर पत्र बंबात टाक.

तुला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट रचून पाठवावी असं मनात आलं होतं. एका मीठ विसरणाऱ्या माणसाने तसं सुचवलंही, त्याला ओरडू नकोस. पण मला खोटं नीट जमत नाही, मी दोन वाक्यांत स्वतःच हसते. म्हणून कापड परत करावं आणि मोकळं व्हावं, असं ठरवून संग्रहालयात गेले. चष्मेबाईला सगळं सांगितलं, तुझं मागचं, आताचं, माझं पाघळणं. तिने खण उघडला, अंगडं काढलं आणि एका काचेच्या टेबलावर पसरलं. टेबलाला खालून दिवा. मग माझ्या डोळ्याला भिंग लावलं.

खारू, आहे त्या धावदोऱ्याच्या अगदी लगत भोकांची आणखी एक ओळ आहे. दोरा नाही, नुसती सुईची भोकं, खसखशीहून बारीक. तीही तिन्ही दुमडींना. म्हणजे दुमडी पूर्वी एकदा घातल्या होत्या, उसवल्या होत्या आणि नंतर पुन्हा घातल्या. मी म्हटलं, भोकं काय, शिवताना चूक झाली असेल. तर तिने चिमट्याने दुमड हळूच फाकवली आणि आत बघा म्हणाली. आत डाग, तपकिरी, लांबट, ओघळलेला. काहीतरी सांडलंय जेवताना. दुमड मिटलेली असताना आतल्या कापडावर कसं सांडेल? पूर्ण लांब केलेल्या अंगड्यावर, बसून, आपल्या हाताने जेवणाऱ्या मुलानेच ते सांडलं.

मला रडू आलं, आणि हसूही. असल्या डागांना मी इतकी वर्षं काय काय बोलले असेन, साबण घेऊन पाठी लागले असेन.

मग मी विचारलं, पुन्हा का मिटल्या? चष्मेबाईने दोरा दाखवला. आताचा दोरा जाडसर, दुसऱ्या हाताचा, टाके थोडे तिरके. आणि धुतलेला कधीच नाही. धुतल्यावर सूत आकसतं, कापडाला बारीक चुण्या पडतात. तशी एकही चुणी नाही, त्यानंतर ते कुणी घातलेलंच नाही. म्हणजे पहिलं मूल वाढलं, अंगडं त्याला आखूड झालं, आणि कुणीतरी ते स्वच्छ करून दुमडी घालून पुढच्यासाठी तयार ठेवलं. ते पुढचं आलं की नाही? मी विचारलं. चष्मेबाई म्हणाली, ते कापड सांगत नाही. मीही तुला त्याच्यापुढे काही जोडत नाही. कुणी आलं असेल आणि त्याला नवीन मिळालं असेल. कुणी आलंही नसेल. एवढं मात्र तिथे लिहिल्यासारखं आहे, की त्यांनी तयार ठेवलं होतं.

आता हुबेहूब करायचं तर मलाही तसंच करावं लागणार. आधी दुमडी घालायच्या, मग उसवायच्या, मग दुसऱ्या हाताने पुन्हा घालायच्या. दुसरा हात चष्मेबाईचा. तिचे टाके आपोआपच तिरके येतात, शिकवायची गरज नाही. डाग मात्र नको म्हणते. मी वरणाची वाटी घेऊन मागे लागलेय.

काल दुपारी ती आली होती, शिवणारी. तोंड इकडे करून बसली. चेहरा अजून वाफेचाच, पण शेजारी जमिनीवर कुणीतरी बसलंय आणि तिच्या पदराशी खेळतंय, असं वाटलं. मी बघायला वाकले तर जाग आली.

हे तुला सोसेल की नाही, माझ्या लक्षात येत नाही. सोसेल तेवढं ठेव, बाकी माझ्याकडे परत पाठव.

तुझी आजी

---

दि. २५ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र आलं तेव्हा हा मीठ टाकत होता. मी वाचताना त्याने दुसऱ्यांदा टाकलं. जेवण खारट झालं आणि आम्ही दोघांनी ते संपवलं. तू कुणाबद्दल लिहिलंस ते त्याने कबूल केलं, कान पकडून.

मी डागाचाच विचार करतेय. इतके दिवस मी बाळाचा विचार करायची तो फक्त एप्रिलपर्यंत. एप्रिल म्हणजे नकाशाची कड, पुढे कागदच नाही. काल दुपारी छताकडे बघत होते आणि मला एकदम दिसलं की कुणीतरी खुर्चीत बसून जेवतंय, सगळं अंगावर सांडतंय, आणि मी ओरडतेय. किती वेळ ओरडत होते कोण जाणे. हा धावत आला, काय झालं विचारायला.

भीती गेलेली नाही आजी. ती असेलच. पण त्या बाईलाही नसेल का, दुसऱ्यांदा दुमडी घालताना?

तू शिव. एकच शिव, पण वाढत्या मापाचं, तीन दुमडींचं. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा शिवायला शिकवू नकोस. फक्त उसवायचं कसं ते लिहून पाठव. ते मी माझ्या हातांनी करणार आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगून,

तुझी खारू

---

दि. २ मार्च

चि. खारूस आजीचे पोट भरून आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचलं आणि त्याच पावली कापड काढलं. माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचं आहे, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. बाळाला कोरं कापड टोचतं. चष्मेबाई बघून गेली आणि हे खणात ठेवायला द्या म्हणाली. मी म्हटलं, दोनशे वर्षांनी ये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी घेऊनच येते. गुडघ्याला सांगून ठेवलंय.

उसवायचं असं. घाई करायची नाही आणि दोरा ओढायचा नाही, ओढला की कापड फाटतं. नखं कापायची छोटी कात्री घे. उजेडात बस. दर तिसरा टाका टोकाने उचलून कापायचा, फक्त टाका, कापड नाही. मग अंगडं उलटं करून मागून दोरा बोटाने सरकवायचा, तो आपसूक सुटून येतो, जणू वाटच बघत होता. एका वेळी एकच दुमड. पहिली बहुतेक बसायला लागेल तेव्हा. दुसरी उभं राहील तेव्हा, पण ते उभं राहिलेलं असताना नको, झोपलेलं असताना. तिसरीच्या वेळी तुला विचारावं लागणार नाही, पोट उघडं दिसायला लागेल.

सुटलेल्या दोऱ्याच्या जागी भोकांची ओळ दिसेल. ओला हात फिरवून नखाने घासलं की ती बुजते, सगळ्या शिवणाऱ्या बाया तसंच करतात, मीही केलं जन्मभर. तू करू नकोस. दिसू देत.

तुला आणि त्या दोघांनाही माया.

तुझी आजी